तेंदूचा मजला

गेल्या ईदनंतरची गोष्ट. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मीच म्हणतो, असरची नमाज आटोपून खाली पार्किंगमध्ये शेजारणींबरोबर बसल्या होत्या. वीज गेली, लिफ्ट बंद पडली. मगरिबची वेळ होत आली म्हणून त्या जिन्याने निघाल्या. दम खात खात चढल्या आणि उजवीकडचं दार ढकललं. दार उघडेना. त्यांनी कडी वाजवली, मुलाला हाक मारली, पुन्हा ढकललं. आतून एक तरुण भाडेकरू बाहेर आला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि अम्मी चौथ्यावर पोहोचल्या होत्या. तो नवा होता, ओळखत नव्हता. आवाज चढवून म्हणाला, "कौन हो? किसके घर में घुस रही हो?" वॉचमन वर आला, त्याने अम्मींना घरी आणून सोडलं.

एवढंच घडलं. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन माफीही मागितली. पण अम्मींनी खाली जाणं सोडलं. कुणी विचारलं की म्हणत, "गुडघे दुखतात." एकदा रात्री मला म्हणाल्या, "सब दरवाजे एक जैसे हैं बेटा, मैं किसको पहचानूँ?"

मी शाळेत मुलांना नकाशा शिकवते. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, घरापासून शाळेपर्यंतची वाट काढून आणा, असा गृहपाठ देते. आणि माझ्या घरातल्या माणसाला स्वतःचं दार सापडत नव्हतं.

आमचं जुनं घर गोंदियातच, एका दाटीच्या मोहल्ल्यात होतं. तिथे कुणाच्या घरावर नंबर असला तरी तो कुणी वाचत नसे. पत्ता सांगायचा तर, चक्कीच्या पुढे, कडुनिंबाच्या अलीकडे, हिरव्या दाराचं घर. मशिदीचा मिनार डाव्या हाताला ठेवायचा की रस्ता चुकत नसे. राइस मिलचा भोंगा आणि कोंड्याचा वास यांवरूनही माणूस कुठे आहे ते कळायचं. अम्मी त्या मोहल्ल्यात पन्नास वर्षं वावरल्या, मोतीबिंदू झाला तरी वावरल्या. मग घराचे वाटे पडले, आणि आम्ही फ्लॅट घेतला. दोन विंग, तळमजला आणि वर चार मजले, सगळ्या भिंती एकाच फिकट पिवळ्या रंगाच्या, सगळी दारं एकाच तपकिरी लॅमिनेटची. दाराच्या वर इंग्रजी अक्षरांची बोटभर पाटी. अम्मी कुरआन शरीफ वाचतात, उर्दू रिसाले वाचतात. पण ती पाटी त्यांच्यासाठी नव्हतीच. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' असं आपण म्हणतो. हल्ली ते फ्लॅटच्या इमारतींना जास्त लागू पडतं. नागपूर असो, रायपूर असो की गोंदिया, आत शिरलं की तीच लॉबी आणि तोच जिना.

योगायोगाने त्याच सुमारास सोसायटीची बैठक झाली. विषय होता जिन्यातल्या पिचकाऱ्या. आपल्या भागात खर्रा किती खाल्ला जातो हे वाचकांना सांगायला नको. जिन्याचा प्रत्येक कोपरा लालेलाल. नेहमीचा उपाय पुढे आला: कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावायच्या, सोबत काबा शरीफची आणि क्रॉसचीही एकेक, म्हणजे सर्वधर्मसमभाव झाला! मला हा उपाय कधीच पटलेला नाही. ज्या जागी लोक थुंकतात तिथे कुणाचंही श्रद्धास्थान पहारेकरी म्हणून उभं करणं हा त्या श्रद्धेचाच अपमान आहे. मी तसं बोलले. दुसऱ्या विंगमधल्या काकूंनीही लगेच दुजोरा दिला. त्या म्हणाल्या, "आमच्या गणपतीनं काय गुन्हा केलाय?"

मग मी अम्मींची गोष्ट सांगितली आणि सुचवलं की भिंती रंगवायच्याच आहेत तर अशा रंगवू की कोणता मजला आला ते न वाचता कळेल.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हती. १९६९ मध्ये मेक्सिको सिटीत मेट्रो सुरू झाली तेव्हा तिथल्या अनेक प्रवाशांना वाचता येत नव्हतं. लान्स वायमन नावाच्या आरेखकाने स्थानकांसाठी चित्रं ठरवली. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ टोळाची टेकडी, म्हणून त्या स्थानकाचं चिन्ह टोळ. लोक नाव न वाचताही बरोबर उतरत. आपण तर हे त्याच्याही आधी केलं होतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हं लावली, म्हणून अंगठा उठवणाऱ्या कोट्यवधी लोकांना आपला उमेदवार ओळखता आला. विदर्भातलंच उदाहरण घ्यायचं तर चंद्रपूर आणि बल्लारशा ही रेल्वेस्थानकं. स्थानिक कलाकारांनी ताडोबाचं जंगल तिथल्या भिंतींवर उतरवलं, आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत या दोन स्थानकांना देशात पहिलं बक्षीस मिळालं. गाडीच्या खिडकीतून वाघ दिसला की मुलंसुद्धा ओळखतात, चंद्रपूर आलं.

राहत्या इमारतींवरही हे झालं आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी क्वार्टर्सच्या भिंतींवर आज पन्नासहून अधिक चित्रं आहेत. चेन्नईत झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांची कण्णगी नगर नावाची मोठी वसाहत आहे. तिथल्या एकसारख्या चाळवजा इमारतींवर २०२० मध्ये मोठमोठी चित्रं काढली गेली. अल्बेनियाची राजधानी तिराना इथे २००० साली एदी रामा नावाचे एक चित्रकार महापौर झाले आणि त्यांनी साम्यवादी काळातल्या करड्या इमारती भडक रंगांत रंगवून घेतल्या. आज ते देशाचे पंतप्रधान आहेत. अशा रंगकामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की नळाला पाणी नाही आणि भिंतीवर फुलं काढता. आक्षेप खरा आहे. पाणी, ड्रेनेज, लिफ्ट यांच्या बदल्यात रंग चालणार नाही. आमच्याकडेही आधी गच्चीची गळती दुरुस्त करून घ्यावी लागली. ओल्या भिंतीवरचं चित्र आमच्या पावसाळ्यात एक वर्ष टिकत नाही. पापुद्रे सुटतात आणि मग ते पिचकारीपेक्षाही ओंगळ दिसतं. म्हणून गळती उन्हाळ्यात काढली आणि रंगकाम दिवाळीनंतर.

आता खरा प्रश्न आला, काढायचं काय? मुलांना सारस हवा होता. साहजिक आहे. महाराष्ट्रात सारस मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजकाच. पण इमारतीत आमची सात मुस्लिम कुटुंबं, आणि त्यातल्या काहींना दारासमोर सजीवांचं चित्र नको होतं. या विषयावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि मी शाळामास्तरीण, फतवा देणारी नाही. पण हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे एक चित्रकार आपल्या रोजीचा प्रश्न घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला झाडं आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली, हे बुखारी शरीफमध्ये आलं आहे. त्या वाटेवर केवढं काम झालं! दमास्कसची उमय्या मशीद आठव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीवर झाडं, नदी, पूल, घरं यांचं मोझेक आहे. अख्खं शहर आहे, पण माणूस नाही, पक्षी नाही. तरी ते ओसाड वाटत नाही.

मी झाडांचा प्रस्ताव मांडला. मुलं हिरमुसली. शेवटी सारसांची जोडी बाहेर, पार्किंगच्या भिंतीवर काढायची असं ठरलं, कुणाच्या दारासमोर नाही. एका भाईजानना तेही पसंत नव्हतं. त्यांनी आपली नाराजी नोंदवून घ्यायला सांगितली. आम्ही नोंदवली.

मजल्यांसाठी आपल्या जिल्ह्याचीच झाडं निवडली. तळमजल्याला भाताची लोंबी, पहिल्याला पळस, दुसऱ्याला मोह, तिसऱ्याला तेंदू, चौथ्याला बांबू. मोहावर आमच्याच एका बुजुर्गांनी हरकत घेतली, "त्याची दारू होते!" मी म्हणाले, चाचाजान, द्राक्षांचीही होते. सगळे हसले, मोह राहिला.

रंगवायला आम्ही एक जुने पेंटर शोधून काढले. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागची अक्षरं लिहिण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्स आले आणि त्यांच्या हाताला काम राहिलं नाही. देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिपी ते सारख्याच सफाईने लिहितात, कुंचला एकदा टेकला की अक्षर पुरं होईपर्यंत उचलत नाहीत. पळसाची त्यांनी पाच-पाच पानं काढली. आमच्याकडे देवरीकडचे एक निवृत्त वनरक्षक राहतात, ते पाहून पोट धरून हसले. "अहो, म्हणीत तरी तीन आहेत ना!" दोन पानं पुसली गेली. पुढे हेच वनरक्षक रोज खुर्ची टाकून बसू लागले. मोहाच्या फुलाचा रंग, बांबूच्या पेराची जाडी, सगळं त्यांच्या देखरेखीखाली झालं.

आमच्या हातून चुका झाल्या, त्या सांगते, कुणाच्या उपयोगी पडतील. आधी आम्ही चित्र लिफ्टसमोर काढलं. वीज गेल्यावर लिफ्ट बंदच असते, म्हणजे जिन्याने येणाऱ्याला ते दिसणारच नाही! मग जिन्याची शेवटची पायरी चढताच समोर येईल त्या भिंतीवर काढलं. दुसरी चूक रंगांची. दुसऱ्या मजल्याला निळा पट्टा आणि तिसऱ्याला हिरवा दिला होता. अम्मींना दोन्ही सारखेच दिसले. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. तिसरा मजला गडद केशरी केला. रंग आणि आकार दोन्ही वेगळे हवेत, कारण काहींना तांबडा-हिरवाही वेगळा ओळखता येत नाही. खालचा तीन फुटांचा भाग साध्या ऑइल पेंटचा ठेवला, पुसता येतो. आगीचा लाल सिलिंडर आणि बाहेर पडण्याची पाटी यांच्या आसपास काही काढलं नाही. आणि हे सगळं सर्वसाधारण सभेत ठराव करून. जिन्याची भिंत कुणा एकाची नसते, उद्या कुणी आक्षेप घेतला तर कागद हवा.

पिचकाऱ्या थांबल्या का? कमी झाल्या. पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात अजून कुणीतरी थुंकतो. पळसाचं फूल तसंही लालच असतं असं तो म्हणत असेल.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. झाडाशेजारी मजल्याचा मोठा आकडा देवनागरीत लिहायचा आणि खाली लहान उर्दूत, असं मी सुचवलं होतं. त्यावर सभा एकदम गप्प झाली. मग एकजण म्हणाले, "ही काही मदरशाची इमारत नाही." मी एप्रिल २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू आहे, ती काढावी म्हणून प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं होतं. न्यायालयाने पाटी राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, असं स्पष्ट केलं. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरवला, हेही सांगितलं. समोरचे म्हणाले, "तो निकाल नगरपरिषदेचा आहे, आपली सोसायटी खाजगी." बरोबर होतं त्यांचं. पण कुठला कायदा मनाईही करत नव्हता. हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्या बाजूने आमच्यातलेही सगळे उठले नाहीत. "कशाला वाद, चित्र आहे ना," असं मला एका बहिणीने हळूच समजावलं. मी मुद्दा सोडला. मी मराठी शिकवते आणि उर्दूही शिकवते. एका माणसाच्या दोन्ही हातांपैकी एक पाठीमागे धरायला सांगावा तसं त्या दिवशी वाटलं. मी सोडायला नको होतं, असं आजही वाटतं.

पेंटरचाचांनी जाता जाता, न विचारता, आमच्या दाराच्या चौकटीला एक छोटी टाइल लावून दिली. आमच्या दाराला आमची टाइल, तिला ठराव लागत नाही. तिच्यावर उर्दूत तीनचा आकडा आहे. पैसे घेतले नाहीत.

काम संपलं त्या संध्याकाळी मी अम्मींना हात धरून जिन्याने खाली नेलं आणि परत वर आणलं. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्यावर तेंदूच्या झाडासमोर थांबल्या. लग्न होऊन गोंदियाला आल्या तेव्हा सासरी त्या बिड्या वळत असत. आपल्याकडच्या कितीतरी घरांत त्या काळी हाच उद्योग चाले. त्यांनी भिंतीवरच्या एका पानावर अंगठा फिरवला, जणू शीर चाचपतात.

"पत्ता छोटा है," त्या म्हणाल्या. "इसमें एक ही बिडी बनेगी."

आता त्या रोज असरनंतर एकट्या खाली जातात. डिलिव्हरीवाले, दूधवाले, पाहुणे, सगळे "तेंदूचा मजला" म्हणू लागले आहेत. दुसरी विंग अजून पिवळीच आहे. तिथे आंबा काढायचा की जांभूळ, यावर तीन बैठका झाल्या.