बर्मिंगहॅमचं सांडपाणी

अलाबामातल्या बर्मिंगहॅमनं १९६३ मध्ये नागरी हक्कांच्या आंदोलनात पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे फवारे झेलले. १९७९ मध्ये पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला. पुढे २००९ मध्ये महापौर लॅरी लँगफर्ड लाचखोरीत दोषी ठरले. त्याआधी, बर्मिंगहॅम ज्या जेफरसन काउंटीत येतं तिचे प्रमुख असताना त्यांनी सांडपाणी योजनेच्या कर्जरोख्यांचं काम मित्राच्या पदरात टाकलं होतं. मोबदला? रोलेक्स घड्याळ, उंची कपडे आणि रोकड. (अब्जावधींच्या व्यवहारापुढे भाव स्वस्तच म्हणायचा.) याच योजनेच्या कर्जापायी २०११ मध्ये जेफरसन काउंटीनं दिवाळं काढलं. लँगफर्ड तुरुंगात गेले. सांडपाण्याची वाढीव बिलं मात्र लोकांच्याच गळ्यात पडली. अशा अनुभवानंतर मतदानाकडे पाठ फिरवणाऱ्या मतदाराला उदासीन म्हणून हिणवणं आम्हाला पटत नाही. या अंकातले पालिकांवरचे लेख वाचताना कर्जरोख्यांची पानं तेवढी गाळू नका.