धंदा करणाऱ्यांनी ‘श्यामची आई’ परत वाचायला पाहिजे



बरेच जण विचारतात, "सर, धंदा सुरू करायच्या आधी कोणतं पुस्तक वाचू?" त्यांना वाटतं मी एखादं इंग्रजी पुस्तक सांगेन. माझं उत्तर आहे, साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. लहानपणी वाचलं असेल तरी परत वाचा.

गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 1935 ला ते छापून आलं. पुढे अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला. आपण सगळे आईच्या मायेसाठी रडलो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच पुस्तकात एक खातं-पितं घर कर्जात कसं बुडतं, तेही लिहिलेलं आहे. ते आपण वाचतच नाही.

कोकणातलं पालगड गाव. श्यामचे वडील खोत घराण्यातले, म्हणजे गावात मान. जमीन आहे, पण डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे आणि व्याज वाढत चाललंय. आईचं म्हणणं सरळ असतं, जमीन विकून कर्जातून मोकळं व्हावं. वडिलांना ते पटत नाही. वाडवडिलांची जमीन विकली तर लोक काय म्हणतील? पुढे सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, आईला नाही नाही ते ऐकावं लागतं. शेवटी जप्तीची दवंडी पिटली जाते. जी इज्जत वाचवायला जमीन धरून ठेवली, तीच गावासमोर गेली.

वडील वाईट नव्हते, आळशी नव्हते. निर्णय उशिरा झाला, एवढंच.

हे मी तुम्हाला वरून सांगत नाही. मी स्वतः हेच केलंय. बदनापुरात माझं एक दुकान बरं चालत होतं, म्हणून दुसरा गाळा घेतला. फर्निचर आणि मालासाठी 2 लाख रुपये उचलले, शेकडा 3 नं. ऐकायला 3 कमी वाटतं ना? महिन्याला 6 हजार व्याज, म्हणजे वर्षाला 36 टक्के, आणि मुद्दल जागच्या जागी. वर गाळ्याचं भाडं 5 हजार. चौथ्या महिन्यातच कळलं होतं की इथं गिऱ्हाईक नाही. तरी 11 महिने शटर उघडत राहिलो. का? उद्घाटनाला अर्धं गाव बोलावलं होतं!

घरी काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी वही बायकोच्या हातात पडली. दहा मिनिटं बघून ती म्हणाली, "अहो, हे तर दिवाळीच्या आधीच बंद करायला पाहिजे होतं." तिचं खरं होतं. त्या जादा 7 महिन्यांचे व्याज आणि भाडं मिळून 77 हजार गेले.

कोणी म्हणेल, सर, दुकानाचं फर्निचर आणि बापजाद्यांची जमीन एक कशी? एक नाहीच. आपल्याकडं कापूस, मोसंबीवाल्या घरांना जमीन विकणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. उठसूट जमीन विका असं मी म्हणत नाही. पण आपण वेळेत विकलं तर भाव आपण ठरवतो. उशीर झाला की सावकार ठरवतो.

म्हणून तीन गोष्टी करा.

एक, कर्ज घ्यायच्या आधी वहीत लिहा, किती महिने तोटा झाला की थांबायचं. धंदा चालू झाल्यावर हे लिहायची हिंमत होत नाही.

दोन, शेकड्याचा हिशोब 12 नं गुणून बघा. आधी बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करा. त्याला तारण लागत नाही. बँकेत चकरा माराव्या लागतील, पण मारा. आणि खासगी सावकाराकडं परवाना आहे का ते विचारा. 2014 च्या सावकारी कायद्यानं परवाना लागतोच.

तीन, दर महिन्याला वही घरी दाखवा. आई असो, बायको असो. त्यांना फक्त आकडे दिसतात, आपल्याला आकड्याआधी इज्जत दिसते.

श्यामच्या आईचं त्या घरात वेळेवर ऐकलं गेलं नाही. तुमच्या घरातली आज काय म्हणते, ते विचारा.