भरवसा म्हणजे हातावर हात नव्हे

रमजानमध्ये ‘तवक्कुल’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. तवक्कुल म्हणजे आपले सगळे अल्लाहवर सोपवणे. आपले ख्रिस्ती शेजारी यालाच देवाच्या काळजीवरचा विश्वास म्हणतात, तर हिंदू घरांत ‘त्याला काळजी’ असे म्हटले जाते. अडचणीच्या वेळी मात्र हा शब्द आपण सगळेच चुकीचा वापरतो. ज्याचे धान पाण्यात गेले, जिचा लेक गेला, त्यांना आपण सांगतो, ‘भरवसा ठेवा, तो बघेल.’ तरीही माणूस सावरला नाही, तर त्याची श्रद्धाच कमी पडली असे मानून मोकळे होतो.

असे बोलण्याआधी पंडिता रमाबाईंचे आयुष्य आठवावे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच, १८८२ मध्ये पती गेले आणि पदरी तान्ही मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वाद झाले. ते आज उकरायचे नाहीत. इतके सारे करूनही मनाला शांती मिळाली नाही, धर्म सापडला पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. श्रद्धावंत माणूसही आतून रिता होऊ शकतो, हे सांगायला धैर्य लागते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. दुष्काळाचे नाव काढले की रमाबाईंना आपल्या घरची प्रेते आठवत असणार. तरी त्या पुण्याहून इकडे आल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन गेल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, त्याची मुदतही संपत आली होती. खाणारी तोंडे वाढत होती आणि पुढच्या पैशाची खात्री नव्हती. देव पुरवील, या भरवशावर त्यांनी मुलींना आसरा दिला. पण नुसती प्रार्थना करून त्या थांबल्या नाहीत. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. देवावर टाकलेला भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून कधी उतरवला नाही.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. एकुलती एक लेक, कामातला उजवा हात. प्रकृती ढासळलेली असतानाही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

कुरआनातली ‘दुहा’ ही सूरह अशाच उदास काळातली मानली जाते. वही येणे काही काळ थांबले होते आणि रबने पैगंबरांना सोडून दिले, असे टोमणे विरोधक मारत होते. ही सूरह आधी धीर देते आणि लगेच अनाथाकडे व मागणाऱ्याकडे लक्ष वळवते. रमाबाई वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचल्या होत्या.

म्हणून खचलेल्या माणसाच्या श्रद्धेचे मोजमाप करू नये. त्याचे रडणे म्हणजे देवावरचा अविश्वास नव्हे. इफ्तारचे ताट शेजारी नेताना दारातूनच परतू नका, थोडे बसा. बियाण्याचे काय केले, पोरीची फी भरली का, दवाखान्यात कोण नेणार, हे विचारा. ‘तो बघेल’ हे खरेच आहे. पण पुष्कळदा तो कुणाच्या तरी डोळ्यांनी बघतो. ते डोळे आपले असले तर काय बिघडले?