विनाथांबा उड्डाणाचा ताळेबंद

विमानकंपनीने दूर पल्ल्याची एखादी विनाथांबा सेवा बंद केली की वृत्तपत्रांत ती बातमी चार ओळींत आटोपते. त्या मार्गावर वर्षातून आठ-दहा वेळा ये-जा करणाऱ्या प्रवाशांचा रोष मात्र महिनोन्महिने शमत नाही. इतकी वर्षे आम्ही निष्ठेने याच कंपनीचे तिकीट काढले, त्याचे हेच फळ काय, असा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ असतो. प्रश्न भावनेचा वाटला तरी त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत असते. ती वही उघडून पाहायची तर सिंगापूर–न्यूअर्क या मार्गाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

न्यूअर्कचा विमानतळ न्यू जर्सी राज्यात असला तरी व्यवहारात तो न्यूयॉर्क शहराचाच मानला जातो. सिंगापूर एअरलाइन्सने जून २००४ मध्ये सिंगापूरहून तेथपर्यंत विनाथांबा सेवा सुरू केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लॉस एंजेलिसची सेवा सुरू झालीच होती. न्यूअर्कचे अंतर १५,३०० किलोमीटरांहून अधिक आणि प्रवासाचा काळ सुमारे साडेअठरा तास. त्या काळी जगातील ही सर्वांत लांब नियमित प्रवासी विमानसेवा होती. त्यासाठी चार इंजिनांची पाच एअरबस ए-३४०-५०० विमाने घेतली होती. आरंभी त्यांत १८१ आसने होती. २००८ मध्ये ती काढून केवळ १०० आसने बसवली गेली, आणि ती सारी बिझनेस क्लासची. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने जाहीर केले की पाचही विमाने एअरबसला परत दिली जातील आणि दोन्ही सेवा पुढील वर्षी थांबतील. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिसची आणि नोव्हेंबरमध्ये न्यूअर्कची सेवा बंद झाली.

या निर्णयावर नित्याचे प्रवासी एका सुरात बोलले नाहीत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. अशा वेळी काहीजण घड्याळ पुढे करतात. फ्रँकफुर्टमार्गे न्यूयॉर्कला जायचे तर चार-पाच तास अधिक लागतात. पण त्यांचे खरे दुःख तासांचे नसून झोपेचे असते. विनाथांबा विमानात जेवून आठ तास सलग झोपता येते. वाटेत थांबा आला की ऐन गाढ झोपेत उठून, सामान काखेत मारून, पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते. दुसऱ्या दिवशी ज्यांना बैठकीत बसून कोट्यवधींच्या करारावर बोलायचे असते, त्यांना त्या अखंड झोपेचे मोल ठाऊक असते. काहीजणांना याच्या अगदी उलट वाटते. अठरा तास एका नळकांड्यात कोंडून घेण्यापेक्षा मध्ये पाय मोकळे करावेत, स्नान करावे, दोन घोट गरम चहा घ्यावा, हे त्यांना सुखाचे वाटते. विमानांचे वेड असलेले प्रवासी केवळ शेवटच्या उड्डाणाचे साक्षीदार होण्यासाठी तिकीट काढतात. आणि एक वर्ग म्हणतो, भाडे वाढवा, आम्ही देऊ, पण सेवा चालू ठेवा.

या शेवटच्या वर्गाकडे मी बँकवाल्याच्या नजरेने पाहतो. भाडे वाढवा म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे भाडे त्यांच्या स्वतःच्या खिशातून जात नसते. ते मालक कंपनी भरते. झोप कर्मचाऱ्याची आणि खर्च कंपनीचा, अशी ही विभागणी असते. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर वित्तसंस्थांनी प्रवासखर्चाला कात्री लावली, तेव्हा कात्री धरणारा हात झोपणाऱ्याचा नव्हता. केवळ उच्च श्रेणीच्या शंभर आसनांवर चालणारी सेवा अशा काळात किती नाजूक ठरते, हे वेगळे सांगायला नको.

तरीही केवळ आसने रिकामी राहतात म्हणून असे मार्ग बंद होतात, असे समजणे चुकीचे आहे. आसने भरूनही तोटा होऊ शकतो, आणि खरी मेख तेथेच आहे.

लांबच्या प्रवासाला निघालेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. वाटेत कोठे चारा मिळणार नसेल तर बैलांची वैरण गाडीतच भरावी लागते. पल्ला जितका लांब तितकी वैरण अधिक, वैरण अधिक तितके ओझे अधिक, आणि ते ओझे ओढण्यासाठी बैलांना पुन्हा अधिक वैरण! विमानाचे असेच असते. पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा वाटा शेवटच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. मध्ये एकदा उतरून इंधन भरले तर एकूण अंतर वाढूनही कित्येकदा इंधन कमी लागते. म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने जो मार्ग सर्वांत सरळ, तोच कंपनीच्या वहीत सर्वांत महाग ठरू शकतो.

आता आकडे पाहू. ए-३४०-५०० या विमानाच्या टाक्यांत दोन लाख लिटरांहून अधिक इंधन मावते. आसने शंभर धरली तर दर आसनामागे टाकीची क्षमता दोन हजार लिटरांच्या वर जाते. प्रत्येक उड्डाणात टाकी पूर्ण रिकामी होते असे नाही, पण पल्ल्याची आणि आसनांची सांगड किती महाग होती याची कल्पना यावरून येईल. ही सेवा सुरू झाली तेव्हा कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे ४० डॉलरच्या आसपास होता. जुलै २००८ मध्ये तो १४७ डॉलरपर्यंत चढला, नंतर कोसळला. २०११ ते २०१३ ही तिन्ही वर्षे ब्रेंट तेलाची सरासरी शंभर डॉलरच्या वरच राहिली. ज्या गणितावर मार्ग आखला गेला होता, त्यातील मुख्य आकडाच अडीचपट झाला. अशा वेळी कोणता लेखापाल शांत झोपेल?

दुसरे कलम विमानांचे. अशा मार्गावर रोज सेवा द्यायची तर जाऊन परत येण्यासच चाळीस तासांच्या आसपास लागतात. म्हणजे किमान दोन विमाने एकाच मार्गात गुंततात, आणि राखीव विमानाची तजवीज वेगळीच. हे विमान खास लांब पल्ल्यासाठी घडवलेले असल्याने जवळच्या मार्गावर ते तोट्याचे, आणि विकायला काढावे तर गिऱ्हाईक नाही. एअरबसने या जातीची चाळीसही विमाने बनवली नाहीत. ताळेबंदात अशा मालमत्तेची किंमत कागदावर दिसते, बाजारात ती सापडत नाही. सिंगापूर एअरलाइन्सने नव्या विमानांची मागणी नोंदवतानाच ही पाच विमाने उत्पादकाच्या गळ्यात परत घातली, यात मला चातुर्य दिसते. ज्याच्याकडून नवे घ्यायचे त्यालाच जुने देणे, ही आपल्याकडील सराफ बाजाराची जुनी रीत आहे.

आता निष्ठेचा प्रश्न. नित्य प्रवाशांना विमानकंपन्या मैल देतात, रौप्य-सुवर्ण दर्जा देतात, वेगळे विश्रामकक्ष देतात. प्रवाशाला ही आपली बचत वाटते. कंपनीच्या ताळेबंदात मात्र न वापरलेले मैल देण्यांच्या बाजूला दिसतात. येथवर ठेवीसारखेच. पण ठेवीला ठरलेला व्याजदर आणि ठरलेली मुदत असते. मैलांची किंमत ठरवणारा, ते छापणारा आणि ते स्वीकारणारा दुकानदार, हे तिघेही एकच असतात. त्या मैलांवर अमुक मार्ग अमुक वर्षे चालू राहील असे वचन कोठेही लिहिलेले नसते. गंमत अशी की अंतरावर मैल मोजणाऱ्या योजनेत वळसा घेणाऱ्याला मैल अधिक मिळतात. सिंगापूरहून फ्रँकफुर्टमार्गे न्यूयॉर्क सुमारे १६,५०० किलोमीटर भरते. झोप गेली, मैल वाढले!

तरी प्रवाशांचा राग अगदीच निराधार नव्हता. विनाथांबा सेवा असेपर्यंत सिंगापूर–न्यूयॉर्क प्रवासात या कंपनीला प्रतिस्पर्धीच नव्हता. ती बंद होताच हाँगकाँगमार्गे कॅथे पॅसिफिक, टोकियोमार्गे जपानी कंपन्या, दुबईमार्गे एमिरेट्स, सारे एका पंक्तीत येऊन बसले. कोठेतरी उतरायचेच असेल तर भाडे आणि वेळ पाहून कोणाचेही तिकीट काढावे. कालपर्यंत बांधलेला ग्राहक एका निर्णयाने मोकळा झाला. असा ग्राहक गमावण्याची किंमत कोणत्याही खर्चपत्रकात स्वतंत्र ओळीत येत नाही, म्हणून ती मोजली जात नाही, हे मी बँकेतही पाहिले आहे.

पाच वर्षांनी, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, सिंगापूर–न्यूअर्क सेवा पुन्हा सुरू झाली. प्रवाशांच्या विनवण्यांना यश आले असे कोणाला वाटले असेल तर वाटो. वस्तुतः यश आले ते नव्या यंत्राला. एअरबस ए-३५०-९०० यूएलआर हे दोन इंजिनांचे विमान आहे. त्याचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन २८० टन, तर जुन्याचे ३७० टनांच्या घरात होते. टाकीत १,६५,००० लिटर इंधन आणि आसने १६१. दर आसनामागे हजार लिटरांच्या किंचित वर, म्हणजे पूर्वीच्या निम्मे. मार्ग तोच, आकाश तेच, भागाकार बदलला. मात्र या १६१ आसनांत ६७ बिझनेस क्लासची आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीची आहेत. साध्या इकॉनॉमीचे एकही नाही. सर्वसामान्य प्रवाशासाठी तो मार्ग आजही वळशाचाच आहे.

आपल्याकडील अलीकडचे उदाहरण दिल्ली–वॉशिंग्टनचे. एअर इंडियाने जुलै २०१७ मध्ये ही सेवा सुरू केली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. कारणे दोन सांगितली गेली. २६ बोइंग ७८७-८ विमानांच्या नूतनीकरणामुळे विमानांची चणचण भासणार होती, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पाकिस्तानचे आकाश बंद असल्याने वळसा वाढला होता. त्या वळशामुळे वॉशिंग्टनला जाणारे विमान इंधनासाठी व्हिएन्नात उतरू लागले होते. म्हणजे नाव विनाथांब्याचे आणि थांबा ठरलेला. येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. तिकिटावरचे ‘डायरेक्ट’ म्हणजे क्रमांक एकच, वाटेत विमान उतरू शकते. ‘नॉनस्टॉप’ म्हणजे मात्र कोठेही न उतरणारे. तिकीट काढताना हा शब्द विचारून घ्यावा.

येथील नित्य प्रवासी सिंगापूरच्या वित्त अधिकाऱ्यासारखा नव्हे. वर्षाआड सहा महिन्यांसाठी लेकीकडे वा मुलाकडे जाणारे सत्तरीतले आई-वडील हेही एका अर्थाने नित्य प्रवासीच, आणि वॉशिंग्टनच्या परिसरात मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. पुण्याहून, नागपूरहून निघणाऱ्यांना दिल्लीला विमान बदलावेच लागे. पण तो बदल आपल्या भूमीवर, आपल्या भाषेच्या जवळ होई. पुढे एकदा बसले की उतरायला लेक उभी. आता न्यूयॉर्क, न्यूअर्क, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्को येथे उतरून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पुढे जायचे. सामान अंतिम मुक्कामापर्यंत नोंदवलेले असले तरी अमेरिकेत प्रथम जेथे पाय ठेवावा, तेथे ते पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्क तपासणीतून नेऊन पुन्हा सोपवावे लागते. चाकाच्या खुर्चीची सोय मागता येते आणि ती अवश्य मागावी. परंतु तेवीस किलोच्या दोन पेट्या, गुडघेदुखी, समजायला अवघड उच्चार आणि पुढच्या विमानाची घाई, यांचा एकत्र भार आसनामागच्या लिटरांत मोजता येत नाही. तिकिटाचे पैसे मुलाने भरलेले असतात, वळशाचे कष्ट मात्र आई सोसते.

कंपनीने तोटा सोसून मार्ग चालवावा, असे मी म्हणणार नाही. ज्या संस्थेचे आतबट्ट्याचे व्यवहार वाढतात ती शेवटी कोणाच्याच उपयोगी राहत नाही. माझा आग्रह मुदतीबद्दल आहे. आमच्या बँकेत एखादी शाखा दुसरीत विलीन करायची ठरली की खातेदारांना पत्रे जात, फलक लागे, लॉकरवाल्यांना स्वतंत्र बोलावणे जाई. वृद्ध पेन्शनर येऊन कुरकुरत, पण त्यांना नवी शाखा पाहून येण्यास सवड मिळे. सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या प्रवाशांना सुमारे एक वर्ष दिले. वॉशिंग्टनची घोषणा ११ ऑगस्टला झाली आणि सेवा १ सप्टेंबरला थांबली. तीन आठवडे. ज्यांची तिकिटे पुढच्या तारखांची होती त्यांना दुसऱ्या विमानाचा पर्याय किंवा पूर्ण परतावा देऊ केला गेला, आणि ते रास्तच झाले. पण ज्याने चार-पाच महिने आधी स्वस्तात तिकीट घेतले होते, त्याने तो परतावा घेऊन ऐनवेळी दुसऱ्या कंपनीची खिडकी गाठली, तर तेवढ्याच रकमेत त्याला आसन मिळेलच असे नाही. वरचा फरक त्याने स्वतःच्या खात्यातून भरायचा.