माशीने मासा : छंदाची सुरुवात खरेदीपासून नको



सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकात एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलाला कुठल्या छंदवर्गाला घालू?" मला विचाराल तर इथेच गाडी चुकते. आधी वर्ग, मग महागडं साहित्य, मग प्रमाणपत्र आणि फोटो. मुलाला त्यात गोडी आहे का, हे सगळ्यात शेवटी कळतं! छंदाची सुरुवात कशी करावी हे सांगायला आज एक लांबचं उदाहरण घेतो : फ्लाय फिशिंग, म्हणजे खोट्या माशीने मासा धरणं.

आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. इथे गळाला पीस, दोरा, लोकर गुंडाळून किडाच तयार करतात. तो इतका हलका असतो की फेकताच येत नाही. म्हणून दोरी वजनदार ठेवतात. दोरी फेकायची, माशी तिच्यामागे जाते. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या मासेमारीच्या एका ग्रंथात अशा बारा माश्यांची यादी आहे. इंग्रजांनी हा छंद भारतात आणला आणि त्यासाठी ट्राउट मासाही आणला. काश्मीरमध्ये आणि हिमाचलच्या तीर्थनसारख्या थंड नद्यांत आजही परवाना काढून असा ट्राउट धरतात.

आता शिकण्याचा क्रम बघा.

१) पाणी बघणे : ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला थांबतो. वाहत येणारं खाणं तिथे आयतं मिळतं आणि दमायला होत नाही. तो काय खातो हे बघायला पाण्यातला दगड उलटायचा. खाली शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेली मेफ्लायची पिल्लं चिकटलेली दिसतात. वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी कॅडिसची अळी दिसते. जो किडा दिसेल, तशी माशी निवडायची.

२) कोरड्यावर सराव : माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून मैदानात दोरी फेकायची. काठी मागे नेली की क्षणभर थांबायचं, दोरी मागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. नवखा माणूस इथेच घाई करतो आणि सगळा गुंता होतो.

३) साहित्य : ते आता. ट्राउटसाठी नवख्याला साधारण नऊ फुटी, पाच नंबरची एक काठी आणि मोजक्या माश्या पुरतात. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी मात्र हवीच, कारण गळ मागूनही येतो.

४) सोडणे : गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा, हात ओले करून मासा धरायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रक्षण करतो. सोडला तरी माशाला त्रास होतोच, हेही मुलांपासून लपवू नये.

आपल्या नद्यांत ट्राउट नाही, त्याला थंड पाणी लागतं. पण पहिल्या दोन पायऱ्यांना मासा लागतोय कुठे? गावचा ओढा, एक पांढरी ताटली आणि सोबत मोठं माणूस, एवढं पुरे. मुलाला एकट्याने पाण्याकडे सोडायचं नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. पुढे गळ टाकायचा झाला तर तलाव कोणाच्या ठेक्यात आहे ते विचारून घ्यायचं.

दगड उलटणारं मूल पुढे प्रश्न विचारतंच. पहिल्या पावसात आपण चढणीचे मासे आवडीने धरतो, त्यांच्या पोटात अंडी असतात ना? हिमाचलात ट्राउटच्या विणीच्या काळात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मासेमारी बंद ठेवतात. आपल्याकडे महाडजवळच्या वाळण कोंडीत गावकरी देवीचे म्हणून मासे जपतात. हे परिसर अभ्यासाच्या तासाला नाही बोलायचं, तर कधी?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. नदीकाठच्या शाळांत भोई, कातकरी घरांतली मुलं असतात. कुठल्या डोहात कुठला मासा, पाणी गढूळलं की तो कुठे जातो, हे त्यांना पाठ असतं. शहरातला माणूस पैसे भरून हेच शिकला की तो छंद, आणि आपल्या वर्गातलं पोर नदीवर गेलं की उनाडपणा! हजेरीपटावर आपण त्याची गैरहजेरी मांडतो, पण त्याचं ज्ञान मांडायला आपल्याकडे रकाना नाही. शाळा बुडवावी असं मी म्हणत नाही. पण ओढ्यावर वर्ग नेलात, तर त्या दिवशी त्या मुलाला पुढे चालू द्या. बाकीच्यांना तो शिकवेल, आणि आपल्यालाही.

पालकांना एवढीच विनंती, या सुट्टीत वर्गाची फी भरण्याआधी मुलासोबत एक सकाळ ओढ्यावर घालवा. स्टेटसला फोटो नाही टाकला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याने "परत जाऊया का?" असं विचारलं, तर छंद लागला म्हणायचा. काठीचं मग बघू.