उगाच

गेल्या महिन्यात मी आपल्या गटातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीशी खोटं बोलले. संपादकीयाची सुरुवात कबुलीजबाबानं करायची पद्धत नाही, पण हा विषय तिथूनच सुरू होतो. बैठक संपल्यावर चहा पिताना ताईंनी विचारलं, "तू म्हणे दुसरी मोटारसायकल घेते आहेस? आहे ती बिघडली का?" मी पटकन म्हणाले, "नाही ताई, पण अक्कलकोटच्या पलीकडच्या गावांचे रस्ते फार खराब आहेत. कामाला जरा दणकट गाडी बरी." ताईंनी मान डोलावली. 'कामाला' म्हटल्याबरोबर प्रश्नच मिटला.

खरं असं की, कामाला माझी जुनी स्प्लेंडर उत्तम आहे. नऊ वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, वजनाला जेमतेम ११२ किलो, पेट्रोल वासावर चालावी इतकं कमी पिणारी. तिच्यावरून मी गावोगावच्या बैठकांना गेले, रात्री मार खाऊन निघालेल्या बाईला मागे बसवून पोलीस ठाण्यात नेलं, बचत गटाची पासबुकं पोचवली. त्या गाडीचं सगळ्यांना कौतुक होतं. माझ्या आईनंसुद्धा, पहिलं वर्षभर धुसफुसून झाल्यावर, "तिला कामासाठी लागते" असं शेजारणीला सांगायला सुरुवात केली.

दुसरी गाडी मला कामासाठी नको आहे. मला एकटीनं लांब जायचं आहे, आणि आरामात जायचं आहे. हे एवढं साधं वाक्य ताईंसमोर माझ्या तोंडून निघालं नाही. वीस वर्षं बायकांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या बाईंसमोर, दहा वर्षं तेच काम करणाऱ्या माझ्या तोंडून! म्हणून हे लिहिते आहे. (ताईंना हा मजकूर छापण्याआधी वाचायला दिला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं.")

गेल्या हिवाळ्यात मी स्प्लेंडरवरून सोलापूरहून बदामीला गेले. भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, मग विजापूर, मग बदामी. जाताना उत्साह होता. येताना विजापूरच्या अलीकडेच कंबर धरली, तळहातांना मुंग्या आल्या. शंभर सी.सी.चं छोटं इंजिन ताशी ७०च्या पुढे थरथरायला लागतं आणि ती थरथर हँडलमधून थेट मनगटात उतरते. चारपदरी रस्त्यावर मागून येणारा ट्रक आपल्याहून वेगात असतो. पुढे पळून जाण्याइतका जोर गाडीत नसतो आणि ट्रक बाजूनं गेला की वाऱ्याच्या धक्क्यानं हलकी गाडी हेलकावते. दर पन्नास किलोमीटरला उतरून मी रस्त्याच्या कडेला कंबर मोडत उभी राहायची. पण त्या दोन दिवसांत मला कुणी हाक मारली नाही, मी कुणासाठी थांबले नाही, कुणाची केस माझ्या डोक्यात नव्हती. असं पुन्हा जायचं आणि या वेळी कंबर न मोडता जायचं, हे तेव्हाच ठरलं.

आता 'आराम' या शब्दाकडे बघू या. आपल्याकडे आराम बाईला बाळंतपणात किंवा आजारपणात मिळतो, तोही डॉक्टरनं सांगितला तर. आणि 'उगाच' हा शब्द तर खास आपल्यासाठीच राखून ठेवलेला आहे. उगाच हसू नको, उगाच बाहेर जाऊ नको. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा स्टँडवर उभ्याउभ्या मी काय ऐकलं? "बायका आता उगाच फिरायला लागल्या." माहेरी, देवाला, बहिणीकडे, बाजारात असं कुठेही गेली तरी ती उगाचच. कामासाठी गेलेली बाई मात्र चालते. तीच वाटणी आपण संघटनेतल्या बायकांनीही मनात जशीच्या तशी ठेवली आहे, फक्त 'घरकाम'च्या जागी 'संघटनेचं काम' लिहिलं आहे.

जुन्या मैत्रिणींना तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची गोष्ट आठवत असेल. १९९१-९२ मध्ये तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, सगळ्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी सरळ पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुष्कळजणींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. ही गोष्ट आपण शिबिरांतून किती वेळा सांगितली! पण सांगताना नेहमी पाणी आणणं, बाजार, मुलं, वेळेची बचत हेच सांगितलं. त्या बायका संध्याकाळी नुसत्या सायकल दामटत फिरत असतील, त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात मुंबईच्या बायकांसाठी कारणाशिवाय रस्त्यावर असण्याचा हक्क मागितला, तेव्हा आपल्यातल्या अनेकींना ते शहरी चोचले वाटले होते. मलाही वाटले होते.

असो. गाडी बघायला निघाले.

पहिल्या दुकानात विक्रेत्यानं विचारलं, "साहेब येणार आहेत का?" दुसऱ्यात स्कूटरच्या बाजूला नेऊन उभं केलं. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगा होता, त्यानं काही न विचारता किल्ली दिली. गाडी त्याच्याकडूनच घेतली, हे आधीच सांगते.

माझी उंची पाच फूट एक इंच. मोटारसायकल निवडताना सगळे इंजिनाबद्दल बोलतात, पण माझ्यासारखीनं आधी सीटची उंची विचारावी. गाडी उभी असताना दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. चढावर, खड्ड्यात, वाळूत गाडी थांबली आणि पाय हवेत राहिला, की गाडी आडवी झालीच. डोंगरातल्या प्रवासासाठी नावाजलेली नवी हिमालयन ४५० मला फार आवडली होती. तिची सीट ८२५ मिलिमीटरवर. मी बसले आणि अंगठ्याच्या टोकावर उभी राहिले, नाचणाऱ्या बाहुलीसारखी. त्या कंपनीचीच मिटिऑर ३५०, सीट ७६५ मिलिमीटर. दोन्ही पाय टेकले. बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० तर ७३७ वर, आणि वजन १६३ किलो, म्हणजे सगळ्यांत हलकी. पण तिच्यात पाय इतके पुढे पसरावे लागतात की माझ्या आखूड हातापायांना हँडल आणि पावदान दोन्ही लांब पडलं. खड्ड्याचा दणका सरळ माकडहाडाला बसला. बुटकी गाडी म्हणजे आपल्या मापाची गाडी असं नाही. गाड्या बनतात त्या कुणाच्या तरी मापानं, आणि ते माप आपलं नसतं. हे आपल्याला शिवणयंत्रापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे माहीत आहे.

सरळ बसता येणं, गुडघे नव्वद अंशांच्या आसपास दुमडलेले, खांदे सैल, मनगटावर भार नाही, एवढं जुळलं की दोनशे किलोमीटरनंतरही अंग आपलं वाटतं. शिवाय ट्यूबलेस टायर हवेत, हे मी एकटीनं जाणाऱ्या बाईला आवर्जून सांगेन. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. खिळा घुसला की चाक काढायचं, म्हणजे मदत शोधायची, म्हणजे कुणीतरी अनोळखी माणूस. ट्यूबलेसमध्ये खिळा उपसून रबराची पट्टी ठोसायची आणि छोट्या पंपानं हवा भरायची. मी घरी दोनदा करून पाहिलं, वीस मिनिटं लागली. मिटिऑरला ते टायर आहेत. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० झाला. हिमालयनचा मोह त्या आकड्यानंही कमी केला.

राहता राहिलं वजन. १९१ किलो. सगळ्यांनी यावरूनच घाबरवलं: "पडली तर उचलणार कशी?" प्रश्न चुकीचा नाही. मग मी मैदानावर जाऊन शिकले. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढायचा, गिअरमध्ये टाकायची, म्हणजे ती घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची दांडी धरायची, सीटला कुल्ले टेकवायचे आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. जोर मांड्यांचा, पाठ सरळ. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी उभी राहिली. डोक्यावर हंडे नि मोळ्या वाहणाऱ्या आपल्या गावातल्या बायकांना हे दाखवलं, तर त्या एका दमात करतील. 'बाईला जड गाडी झेपत नाही' असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या घरातलं पाणी कोण भरतं ते पाहावं.

गाडीपेक्षा अवघड गोष्टी वेगळ्याच आहेत. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा आपला रस्ता गावागावांतून जाणारा जुनाच. त्या रस्त्यावर लघवीला कुठे जायचं? बदामीच्या प्रवासात मी सकाळपासून पाणीच कमी प्यायले, आणि येताना जे डोकं दुखलं ते उन्हानं नव्हतं. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी'ची मोहीम सुरू झाली, तेव्हा आपणही सह्या गोळा केल्या होत्या; शहरातल्या कामकरी बायकांसाठी. हायवेवरच्या एकट्या बाईचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता. पेट्रोल पंपावर गेलं की कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक जेवायला. आणि कुलूप नसलं, तरी आत जाताना गाडीवर बांधलेलं सामान कोण सांभाळणार? दोघी असलो की एक बाहेर थांबते. एकटीला हे सुख नाही. म्हणून कुलपाच्या पेट्या हव्यात. लंडनची एल्स्पेथ बिअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी १९८२ मध्ये जुनी बी.एम.डब्ल्यू. घेऊन एकटी जगप्रवासाला निघाली आणि १९८४ मध्ये परतली. वाटेत सिडनीत काम करून पैसे साठवले आणि स्वतः अ‍ॅल्युमिनियमच्या कुलूपबंद पेट्या बनवून गाडीला जोडल्या. मी हे वाचलं तेव्हा तिच्या धाडसापेक्षा त्या पेट्यांचंच मला अप्रूप वाटलं.

लॉजचं काय सांगू! "सिंगल लेडीजला रूम देत नाही." नाव विचारू नका, असे लॉज एक नाही. आता आधी फोन करून, 'एकटी बाई, मोटारसायकलवर' असं स्पष्ट सांगूनच खोली ठरवते.

आता एक गोष्ट, जी गाडी न घेणाऱ्यांनीही वाचावी. मी माझ्या ओळखीच्या बायकांना विचारत गेले, "तू चालवतेस ती गाडी कुणाच्या नावावर?" बहुतेकींचं उत्तर आलं, "ह्यांच्या", नाहीतर "पप्पांच्या". दुचाकीच्या विम्यात १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा असतो. नावातच अट आहे: चालवणारी व्यक्ती मालक हवी, म्हणजे आर.सी.वर तिचंच नाव हवं, आणि तिच्याकडे त्या गाडीचा वैध परवाना हवा. नवऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन आपण निघालो, कुत्रं आडवं आलं, पडून जिवाला मुकलो, तर त्या विम्यातून मागे राहिलेल्या मुलांना काही मिळत नाही. कारण आपण मालक नव्हतो. आणि परवान्याचं म्हणाल तर, आपल्यातल्या कितीतरी जणींनी तो स्कूटीवर काढला आहे, म्हणजे बिनगिअरचा. त्यावर भावाची मोटारसायकल 'जरा कोपऱ्यापर्यंत' नेली तरी ती बेकायदा. मालमत्तेत बाईचं नाव असावं म्हणून आपण सातबाऱ्यासाठी भांडतो. दारात उभ्या गाडीच्या कागदाकडे मीही इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. माझी स्प्लेंडर पहिली तीन वर्षं भावाच्या नावावर होती.

पैशांचं टोचतंच. रस्त्यावर येईपर्यंत अडीच लाखांच्या घरात जाणारी गाडी, आणि मी ज्या बायकांबरोबर काम करते त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्याहून कमी. हप्ते माझ्या पगारातून जातील, संघटनेचा पैसा त्यात नाही, तरीही टोचतं. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच दिसतं की, आमच्यासोबत काम करणाऱ्या पुरुष कार्यकर्त्यानं गेल्या वर्षी चारचाकी घेतली, तेव्हा त्यानं कुणाला कारण दिलं नव्हतं, आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. पेढे खाल्ले होते.

स्प्लेंडर विकत नाही. ती कार्यालयातच राहील. दोन कार्यकर्त्या तिच्यावर गिअरची गाडी शिकत आहेत. एकीनं परवा गेटला धडक दिली, गेटचंच नुकसान जास्त झालं. गिअरच्या परवान्याची परीक्षा कशी द्यायची, कोणते कागद लागतात, याचं टिपण पुढच्या अंकात देऊ. तोपर्यंत घरातल्या गाडीचं आर.सी. काढून बघा, आणि कुणाचं नाव निघालं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. सीटवर बसून दोन्ही चवडे टेकतात का, तेही लिहा. आलेली पत्रं छापू, नावं न देता.

या अंकाचं काम संपलं की मी चार दिवस नाही. बदामी, मग पुढे हंपी. तातडीचं काही असेल तर ताईंना फोन करा.