उन्हाळा, चेहरा आणि तंबूतला शनिवार-रविवार



अक्षय तृतीया झाली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक, लग्नांचा धडाका. दुसरी, मुलांची भुणभुण, "सुट्टीत कुठं जायचं?" लग्नातला मेकअप अक्षता पडेपर्यंत घामानं ओघळून गळ्याशी आलेला असतो, तरी पुढच्या लग्नाला आपण तोच थर पुन्हा चढवतो. आणि मुलांनी तंबूत राहायचा विषय काढला की ठरलेलं उत्तर तयार असतं, "ते आपल्याला नाही जमायचं. रात्री जेवायचं नाही, कांदा-बटाटा नाही, पाणी गाळून हवं. कुठं त्या जंगलात जायचं?"

माझं म्हणणं आहे की यंदा या दोन्ही सवयी बदलू या. चेहऱ्यावरचं सामान निम्मं करू या आणि पावसाळ्याआधी एक तरी शनिवार-रविवार तंबूत काढू या. हे दोन विषय वेगवेगळे वाटतील, पण मला ते एकाच व्रताखाली येतात असं वाटतं.

ते व्रत म्हणजे भोगोपभोग परिमाण. एकदा वापरून संपतो तो भोग, जसं जेवण, लेप, सुगंध. पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, जसे कपडे, दागिने, अंथरूण. श्रावकाचं व्रत या दोन्हींची मर्यादा ठरवायला सांगतं. सगळं टाकून द्या असं ते गृहस्थाला सांगत नाही. तो मार्ग मुनी-आर्यिकांचा, त्यांना आपला नमोस्तु आणि वंदामि. आपल्यासारख्या घरातल्या बाईला मोजून, ठरवून घेतलेला आनंद त्या व्रतात बसतो. पण आपण काय करतो? मेकअपच्या पेटीला मर्यादा घालत नाही आणि बाहेर पडण्याच्या आनंदाला मात्र शून्याची मर्यादा घालून बसतो.

आधी पेटी बघू.

उन्हाळा सुरू झाला की मी सगळी पेटी सतरंजीवर उलटी करते. बऱ्याच डब्या-बाटल्यांवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6, 12 किंवा 24 असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढे महिने ती वस्तू वापरायची असा त्याचा अर्थ. मस्कारा आणि डोळ्यांचं लिक्विड लायनर तर तीन ते सहा महिन्यांतच काढून टाकायचं असतं. एवढं केलं तरी पेटी बरीच हलकी होते.

मग लेबल वाचायचं. हे काम आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. लिपस्टिक आणि ब्लशमधला लाल रंग पुष्कळदा कार्माइनचा असतो. तो कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून काढतात. लेबलवर "कार्माइन" किंवा "सीआय 75470" असं लिहिलेलं असतं. "सेरा अल्बा" म्हणजे मधमाश्यांचं मेण. मध आपण खात नाही, मग त्याच पोळ्याचं मेण ओठांवर लावताना एकदा तरी विचार करायला हवा. "लॅनोलिन" मेंढीच्या लोकरीतून येतं. चमचमणाऱ्या आयशॅडोतलं "ग्वानिन" (सीआय 75170) माशांच्या खवल्यांतून मिळतं. "शेलॅक" लाखेच्या किड्यापासून. स्टिअरिक अॅसिड आणि ग्लिसरिन वनस्पतीचंही असू शकतं आणि प्राण्याचंही, त्यामुळे तिथं कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला 2014 पासून बंदी आहे आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही त्याच वर्षी बंदी आली. ही समाधानाची गोष्ट आहे. पण "क्रुएल्टी-फ्री" म्हणजे प्राण्यावर चाचणी केलेली नाही, एवढंच. त्यात प्राण्याचा अंश नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्यासाठी "व्हीगन" हा शब्द बघायचा आणि तरीही घटकांची यादी वाचायची. भाजी निवडताना पान उलटून आळी बघणाऱ्या बायका आपण, दोन मिनिटं डबी उलटून बघायला काय हरकत आहे?

हे सगळं झाल्यावर माझ्या उन्हाळ्याच्या पेटीत पाचच वस्तू उरतात. सौम्य फेसवॉश. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन. काजळ. मेण नसलेला, हलक्या रंगाचा लिप बाम. आणि कुंकू.

सनस्क्रीनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे जातात आणि उपयोग होत नाही तो इथंच. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी किरण अडवतं आणि एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के. म्हणजे महागड्या मोठ्या आकड्यामागे धावण्यात फारसं हाशील नाही. फरक पडतो तो किती लावलं आणि पुन्हा कधी लावलं यानं. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर पूर्ण लांब रेघ येईल एवढं हवं, आणि बाहेर असलात तर दर दोन तासांनी पुन्हा. आपण वाटाण्याएवढं लावून दिवस काढतो आणि वरून फाउंडेशन थापतो. उन्हाळ्यात फाउंडेशनला मी सुट्टीच देते. घाम, धूळ आणि तो थर मिळून कपाळावर पुटकुळ्या येतात त्या वेगळ्याच.

कुंकवाचंही तसंच. घामात टिकलीचा गोंद कातडीला जास्त लागतो. काही गोंदांतल्या रसायनामुळे कपाळावर खाज सुटते आणि काहीजणींना टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. डाग दिसायला लागला तर टिकली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, "उन्हानं झालं असेल" म्हणून बसू नका. हळदीचं शुद्ध कुंकू मिळालं तर उन्हाळाभर तेच लावावं.

आता तंबू.

आपल्या नियमांमुळे कॅम्पिंग जमत नाही, हे मला पटतच नाही. उलट बघितलं तर आपली दिनचर्या तंबूतल्या दिवसासारखीच आहे. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, लवकर झोपायचं, उजाडताना उठायचं. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. वर्षात रात्रीभोजन त्याग सांभाळायला याहून सोपे दिवस नाहीत. कॅम्पवाले रात्री नऊला जेवण लावतात खरं, पण बुकिंगच्या वेळीच "आमचं ताट साडेसहाला, कंदमुळाशिवाय आणि वेगळ्या भांड्यात" असं स्पष्ट सांगावं. ज्यांच्याकडे शेजारीच मांस भाजलं जातं तिथं जाऊच नये. संकोचून बुकिंग करायचं आणि तिथं जाऊन उपाशी बसायचं, यात धर्मही नाही आणि मौजही नाही.

पाण्याचं म्हणाल तर गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, उकळलेल्याची 24 तास. घरून उकळून नेलं की एक दिवस निभावतो. सोबत गाळणं, छोटा गॅस आणि पातेलं घेतलं की दुसऱ्या दिवसाचंही भागतं. पिठाची उन्हाळ्यातली मर्यादा पाच दिवस, त्यामुळे पीठ आधल्या दिवशी दळलं तर तो प्रश्नच राहत नाही. सकाळी केलेल्या दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, कैरीचा तक्कू, बिनलसणाचा भडंग. यात काय कमी आहे?

पण इथं माझी एक अट आहे, आणि या लेखातलं हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सहल म्हणजे आपलं स्वयंपाकघर तळ्याकाठी नेऊन मांडणं असेल, तर ती बाकीच्यांची सुट्टी झाली. आपली नाही. आधी दोन दिवस फराळ करायचा, तिथं वाढायचं, भांडी घासायची आणि घरी येऊन घामट कपड्यांचा ढीग धुवायचा. मग ती बाई पुढच्या वेळी "नको बाई ते कॅम्पिंग" म्हणते आणि घरचे म्हणतात, "हिला आवडतच नाही." आमच्याकडे निघण्याआधीच कामं वाटली जातात. पाणी आणि गॅस ह्यांच्याकडे, तंबू आणि अंथरुणं मुलांकडे, कचऱ्याची पिशवी मुलीकडे. दुसऱ्या दिवशीचे पोहे ह्यांनी करायचे. ते दरवेळी थोडे गिच्च होतात आणि दरवेळी संपतात. तेवढ्या वेळात मी तळ्याकाठी माझं सामायिक करते. 48 मिनिटं कुणी हाक मारत नाही. घरी ही गोष्ट मला वर्षभरात किती वेळा मिळते, हे तुम्हाला सांगायला नको.

पहिल्यांदा जाणार असाल तर लांब कशाला जाता? आपल्यापैकी कित्येकींचा मळा आहे. मळ्यातल्या मोकळ्या, झाडलेल्या जागेत, घराजवळ तंबू लावा. फक्त उसाच्या कडेला नको, तिथं साप आणि बिबट्या दोन्हींची भीती. एक रात्र तिथं जमली की मग पन्हाळा, राधानगरी, भंडारदरा, पवना. राधानगरी अभयारण्याच्या आत मात्र आपल्या मनानं तंबू टाकता येत नाही, बाहेरच्या अधिकृत मुक्कामाची चौकशी करा. रोज देवदर्शनाशिवाय ज्यांना अन्न चालत नाही त्यांनी मंदिराजवळची जागा बघावी. आणि जागा कुठलीही असो, ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा. संडास-बाथरूम स्वच्छ आहे का, आणि त्याला आतून कडी व दिवा आहे का. पाळीच्या तारखाही मोकळेपणानं बघून ठरवा. हे प्रश्न विचारायला लाजल्यामुळेच कितीतरी बायका घरी राहतात.

शेकोटीला माझा विरोध आहे. मे महिन्यात शेकायचं काय? वाळलेल्या गवतावर एक ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो, आणि नाही पेटला तरी उजेडाला येणारे पाकोळ्या-किडे त्यात डोळ्यांदेखत जळतात. आपण पाणी गाळून पिणारी माणसं, त्याभोवती गाणी कशी म्हणायची? पांढऱ्या दिव्याऐवजी मंद पिवळा दिवा ठेवला तर किडे कमी येतात. तंबूची जाळी कायम बंद ठेवायची, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, म्हणजे मारायच्या फवाऱ्याची गरज पडत नाही.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, राजमाची, राधानगरी या भागांत काजवे दिसतात. जरूर बघा. पण त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते. आपल्या टॉर्चच्या आणि मोबाइलच्या झोतात ती हरवते. माद्या पुष्कळदा खाली गवतात-झुडपात असतात आणि फोटोसाठी आत शिरणाऱ्यांच्या पायाखाली येतात. वाटेच्या कडेला एका जागी बसा, दिवे बंद करा. ईर्या समिती मुनींची असली तरी त्या रात्री चार पावलं आपणही पाळू या.

आता पेटी तंबूत न्यायची ती कशी? त्याच पाच वस्तू न्यायच्या, कुंकू छोट्या डबीत. लिप बाम गाडीत ठेवू नका, वितळतो. परफ्युम घरी ठेवा, कारण उग्र वासानं आणि धुरानं आग्या मोहोळ चवताळतं. डासांचं मलम लावायचं तर आधी सनस्क्रीन, मग मलम. चेहरा तळ्यात धुवायचा नाही. तांब्याभर पाणी घेऊन काठापासून पन्नास-साठ मीटर लांब जाऊन धुवायचा, म्हणजे साबण पाण्यातल्या जीवांपर्यंत जात नाही. ओल्या टिश्यूंऐवजी मऊ सुती रुमाल घ्या. त्या टिश्यूंत पुष्कळदा प्लास्टिकचे धागे असतात आणि त्या वर्षानुवर्षं तिथंच पडून राहतात.

काही वडीलधाऱ्या म्हणतात, "नटणं काय, हिंडणं काय, यातून कर्मबंधच होणार." त्यांचा मान राखून मी एवढंच म्हणते की घरात बसून टीव्हीसमोर चार तास घालवले तरी बंध होतोच. प्रश्न प्रमादाचा आहे. लेबल वाचून लावलेलं काजळ आणि दिवा मंद करून काढलेली रात्र, यात सावधपणा आहे. मुलांनाही जीवदया पाठशाळेत जेवढी समजते, त्याहून जास्त ती पायाखालचं गवत बघत चालताना समजते.

आषाढात चातुर्मास सुरू झाला की जीवांची उत्पत्ती वाढते, आपलं हिंडणं आपोआप कमी होतं. म्हणजे हातात थोडेच शनिवार आहेत. कॅलेंडर काढा, अष्टमी-चतुर्दशी आणि लग्नांच्या तारखा सोडून एकावर खूण करा. कामांची वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि पोह्यांसमोर ह्यांचंच नाव लिहा.

जय जिनेंद्र!